चादरीचं दुसरं टोक

१

सोमवारी पाववाली बेर्बेल उर्शेलच्या दारावरून गेली आणि थांबली नाही.

आभाळ कोसळावं असं यात काही नव्हतं. पण गेली बारा वर्षं बेर्बेल दर सोमवारी थांबत आली होती. टोपली कुंपणावर टेकायची, राय धान्याचा एक काळपट पाव काढून द्यायची आणि वाळत पडलेल्या कपड्यांकडे बघून विचारायची, "काय गं, झाले का पांढरे?" उर्शेल म्हणायची, "तुझ्या पावापेक्षा तरी झाले." बारा वर्षं हाच एक विनोद, आणि बारा वर्षं दोघी त्याला हसत होत्या. मैत्री म्हणजे दुसरं काय असतं?

त्या दिवशी मात्र बेर्बेल नेकर नदीकडे बघत पुढे गेली. उर्शेलनं हाक मारली, तर थंडी वाजल्यासारखी शाल ओढून घेऊन तिनं पावलं उचलली.

"गेली तर गेली," उर्शेल पुटपुटली. "नाकाला मिरच्या झोंबल्या असतील." मागच्या सोमवारी बेर्बेल तक्रार करत होती की हल्ली टोपलीत रोज एक पाव उरतो, मोजून भाजला तरी उरतो. त्यावर उर्शेलनं तिच्या मोजणीची यथेच्छ थट्टा केली होती. तोच राग असणार, असं म्हणून ती कामाला लागली.

उर्शेल हाउक ही रोटनेक गावची परटीण. किल्ल्याच्या पायथ्याशी, नदीकाठच्या कुरणात तिचं घर. गावातली मोठी घरं वर्षातून दोनदाच कपडे धुवायची. ज्याच्याकडे चादरी जास्त तो जास्त महिने धुण्यावाचून काढू शकतो, असा त्यांचा तोरा. मग वसंत आला की तो सगळा तोरा मळून उर्शेलच्या दारात येऊन पडायचा. राखेच्या खारात उकळायचा, नदीवर धोपटायचा, पिळायचा, आणि गवतावर अंथरून उन्हाकडून पांढरा करून घ्यायचा.

त्यातलं पिळणंच काय ते कठीण. ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट दिशांना पीळ द्यायचा. उर्शेल एकटी होती. ती सफरचंदाच्या झाडाला ठोकलेल्या लोखंडी आकड्यात एक टोक अडकवायची. आकडा नवा होता, जेमतेम चार-पाच महिन्यांचा. त्याआधी इतकी वर्षं आपण चादरी कशा पिळत होतो, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. हात मात्र खोडकर. चादर उचलली की तो दुसरं टोक समोरच्या हवेत पुढे करायचा, आणि मग उर्शेल स्वतःला हसून आकड्याकडे वळायची.

घरातही तसंच. जेवताना दोन बशा मांडायची आणि एक परत ठेवायची. दाराशी लाकडी बुटांचे दोन जोड होते. दुसरा जोड तिच्या पायांना मोठा. असतील कुणाचे तरी, असं म्हणून ती झाडताना ते उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

२

मंगळवारी नगराध्यक्षांची मोलकरीण कपडे न्यायला आली. आली म्हणजे कुरणात आली. चाळीस चादरी गवतावर पसरलेल्या होत्या, दुधासारख्या. आणि ही बया चिखलाच्या बुटांनी सरळ त्यांच्यावरून चालत निघाली.

"अगं ए, डोळे फुटले का तुझे?" उर्शेल धावली. तिनं मुलीचं मनगट धरलं.

मुलीनं मनगटाकडे पाहिलं. उर्शेलकडे नाही, मनगटाकडे. ते चोळलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "कसला गार वारा आहे इथे." मग टोपली काखेत मारून ती परत फिरली. जाताना आणखी चार चादरी तुडवून गेली.

उर्शेल काही भित्री बाई नव्हती. ती पायरीवर बसली आणि तिनं रीतसर विचार केला. आपण मेलो असलो तर भूक लागत नाही. तिला लागली होती. मेलेल्याला सावली नसते म्हणतात. तिची समोर पडली होती, चांगली भरघोस. मग हे काय आहे? तिनं शाल घेतली आणि ती गावात निघाली.

बाजारात माणसं तिच्यासाठी वाट सोडत होती, पण बघत नव्हती. डबक्याला वळसा घालावा तसा वळसा घालत होती. तिनं पाववाल्याच्या फळीवरून एक पाव उचलला आणि त्याच्या नाकासमोर उभं राहून खाल्ला. तो शिटी वाजवत राहिला. एरवी या गोष्टीची तिनं महिनाभर मजा सांगितली असती. आता ती शालीवरचे चुरे झटकून पुढे निघाली.

सगळ्यांचे पाय नगरभवनाकडे वळत होते, म्हणून तीही गेली. शनिवारी तिथे चित्र टांगलं होतं, तिला ठाऊक होतं. धुण्याच्या गडबडीत बघायचं राहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात काल्टेनबाख नावाचा चित्रकार तीन आठवडे तिच्याच कुरणात तिपाई मांडून बसला होता. तिच्या हातची मसूरची आमटी खायचा आणि म्हणायचा, "तुमच्याशिवाय हा किल्ला म्हणजे नुसता दगडांचा ढीग." या मुलखाच्या सरदारानं, काउंटनं, गावाला देण्यासाठी काढवून घेतलेलं चित्र ते.

चित्र भिंतभर होतं. रोटनेकचा पडका किल्ला त्यात खऱ्याहून उंच होता. संध्याकाळचं सोनं बुरुजाच्या भगदाडातून सांडत होतं, नदी काळोखी होत चालली होती. अंगावर काटा यावा असं सुंदर. उर्शेलची नजर बुरुजावरून कडा उतरत खाली आली, आपल्या दाराशी.

दार नव्हतं. छप्पर नव्हतं, धुराडं नव्हतं, चादरी नव्हत्या. तिथे एक गर्द झुडूप होतं, आणि झुडपापुढे कुरणात, डोक्यावर शिंगांचं झाड घेतलेलं एक हरीण उभं होतं.

"अगदी हुबेहूब आपलं गाव," शेजारी नगराध्यक्षांची बायको म्हणाली.

"तिथे खाली कुणाचं घर होतं का हो?" बेर्बेलनं विचारलं. ती टोपली घेऊन मागे उभी होती. कपाळाला आठ्या.

"कुठलं घर? तिथे झुडूपच आहे की पहिल्यापासून."

"हो, तेही खरंच," बेर्बेल म्हणाली, आणि तिच्या आठ्या एकेक करून गेल्या. ते बघताना उर्शेलच्या पायाखालची जमीन सरकली. मोलकरणीचं न बघणं तिनं सोसलं होतं. हे सोसवेना.

३

चित्रकार 'लाल बैल' खाणावळीच्या माडीवर राहत होता. उर्शेलनं दार ढकललं. काल्टेनबाखनं वर पाहिलं, आणि त्याच्या हातातली कुंचल्यांची बरणी खाली पडली.

"तुम्ही अजून आहात?" तो म्हणाला.

"दिसते ना मी तुम्हाला?" उर्शेलचा जीव भांड्यात पडला. तिला इतकं बरं वाटलं की रागावायचं राहूनच गेलं. मग तेही आठवलं. "माझी आमटी खाल्लीत आणि माझ्या चुलीवर हरीण उभं केलंत?"

काल्टेनबाख खाटेवर बसला. "मी खरं तेच काढलं होतं, शपथेवर सांगतो. तुमचं घर, कुरण, चादरी, सगळं. पण काउंटचे कारभारी म्हणाले, किल्ला आणि धुणं एका चौकटीत शोभत नाही. आधी हिवाळ्यात एक आकृती झाकायला लावली. तिथे हरीण काढलं. मग गेल्या आठवड्यात म्हणाले, घरही नको. मग झुडूप. आमची ही जुनीच रीत आहे, उर्शेलबाई. जिथे नको ते असेल तिथे झुडूप काढायचं."

"आणि माणसं?"

"माणसांचं असं काही होतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

"एक आकृती म्हणालात. कुठली आकृती?"

त्यानं खाटेखालून रेखाटनांची वही काढली, एक पान उघडलं आणि तोंड फिरवलं.

पानावर उर्शेल होती. बाह्या वर सारलेल्या, चेहरा हसरा, दोन्ही हातांत पिळलेल्या चादरीचं टोक. चादर दोरासारखी ताठ होऊन पानभर आडवी गेलेली. तिच्यातून पाणी गळत होतं. आणि दुसरं टोक हवेत होतं. आकडा नाही, झाड नाही. कोरा कागद. त्या कोऱ्या कागदानं चादर ओढून धरली होती.

"हे टोक कुणी धरलंय?" उर्शेलनं विचारलं.

"मला माहीत नाही," काल्टेनबाख म्हणाला. "मी रोज बघतो. कुणीतरी होतं. मी समोर बसून काढलं आहे, तर कुणीतरी होतंच."

खाली कुणीतरी पिंप सरकवत होतं, त्याचा घरंगळल्याचा आवाज तेवढा येत होता. उर्शेलला दाराशी ठेवलेला बुटांचा जोड आठवला. दोन बशा आठवल्या. तिनं आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवायच्या जागी एक गर्द, हिरवट-काळं झुडूप आलं.

"पुन्हा काढा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"तीन रात्री तेच करतोय. तुमचं घर कसं होतं ते हाताला आठवत नाही. आज तुम्ही तरी दिसताय. उद्या दिसाल की नाही, कोण जाणे."

"आणि खालचं? त्या झुडपाच्या खाली घर अजून आहे का?"

"आहे की. रंगावर रंग असतो. खालचा गेल्या उन्हाळ्यातला, वाळून खडखडीत. त्यावर मी वार्निशाचा हात दिला होता. वरचं झुडूप कोवळं आहे, हरीण जरा जुनं, घट्ट झालेलं. पण वरचं काढायला गेलं तर खालचंही जाईल. मग कायमचंच. माझी छाती नाही."

इथे उर्शेल मंगळवारभरात पहिल्यांदा हसली.

"काल्टेनबाखसाहेब," ती म्हणाली, "कापड न फाडता डाग काढणं, यावर माझं पोट चालतं."

४

घरी जाताना ती स्वतःचंच घर ओलांडून गेली. नदीच्या उतारापर्यंत पोचली तेव्हा कळलं. परत फिरली, पुन्हा ओलांडून गेली. डोळे तिथे ठरतच नव्हते, घसरत होते. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले आणि राखेच्या खाराच्या वासावरून दार गाठलं. आत येऊन तिनं कडी लावली. आणखी एक दिवस, फार तर दोन. मग तिची तिलाही ती आठवणार नव्हती.

बुधवारी सकाळी तिनं बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची राख चाळली, पिंपात भरली, वरून पावसाचं पाणी सोडलं आणि तळाच्या भोकातून थेंब थेंब खार गळू दिला. असल्या कामात घाई चालत नाही. खार गळेतो हात रिकामे, म्हणून तिनं मोलकरणीनं तुडवलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. कोणी न्यायला येवो न येवो, मळलेलं तसंच टाकणं तिच्या रक्तात नव्हतं.

भर दुपार होती. ऊन असं स्वच्छ की किल्ल्यावरचा दगडन् दगड मोजावा. पान हलत नव्हतं. उर्शेलच्या डोक्यात पिंपाचा विचार चालला होता. तिनं चादर उचलली, हात नेहमीसारखा पुढे झाला, आणि तोंडातून सहज शब्द गेला.

"धर."

चादर ताठ झाली.

उर्शेल जागच्या जागी थिजली. समोर गवत होतं आणि ऊन होतं. चादरीचं दुसरं टोक तिच्या कमरेच्या उंचीवर, हवेत, मुठीत धरल्यासारखं चुरगळलेलं होतं. वारा असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. वारा नव्हता. झाडाला अडकली असेल. झाड पाठीमागे होतं.

मग चादरीला पीळ बसू लागला. पलीकडून. उजवीकडून डावीकडे, शिकलेल्या हाताचा, सावकाश, घट्ट पीळ. पाणी धारेनं गवतावर पडू लागलं. सोडून पळावं असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण तिचे हात तिच्या आधी शहाणे झाले. त्यांनी उलटा पीळ दिला. चादर करकरली, शेवटचा थेंब पडला, आणि पलीकडून तीन छोटे हिसके आले. एक, दोन, तीन. झाली, आता झटक.

ती दोघींची खूण होती. दोघींची, हे तिला कळलं, आणि त्यापुढचं काही कळेना.

"कोण आहेस?" तिनं विचारलं. "अगं, नाव तरी सांग."

टोक अलगद खाली आलं आणि गवतावर पडलं. तिथे दोन पावलांचे ओले ठसे होते, अनवाणी, तिच्या पावलांहून मोठे. उर्शेल बघत असतानाच ते उन्हानं वाळून गेले.

ती धावत दाराशी गेली, ते मोठे बूट उराशी धरले आणि ढसाढसा रडली. कुणासाठी रडतोय हेच माहीत नसताना रडणं फार वाईट असतं. रडून झाल्यावर तिनं खारात अंडं सोडून बघितलं. अंडं तरंगलं, म्हणजे खार कडक उतरला होता. त्यातला एका बाटलीत तसाच ठेवला, बाकीच्यात तिप्पट पाणी घालून बादली भरली.

५

गुरुवारी अकराला नगरभवनात समारंभ होता. काउंटचे कारभारी आले होते, छातीवर फीत लावून. गाव नटूनथटून दाटीवाटीनं उभं. उर्शेल बादली घेऊन मधून गेली आणि माणसं कळत नकळत बाजूला झाली. अदृश्य असण्याचा एवढा एक फायदा तिनं मनसोक्त घेतला. कारभाऱ्यांच्या चकचकीत बुटावर तिची बादली हिंदकळली, त्यांनी पाय झटकला आणि छताकडे बघितलं, कुठे गळतं म्हणून.

काल्टेनबाख भिंतीशी उभा होता. तिला पाहून त्यानं डोळे बारीक केले, जणू ती धुक्यात उभी आहे. म्हणजे त्यालाही आता नीट दिसत नव्हतं.

"या चित्रात," नगराध्यक्ष म्हणत होते, "आपलं गाव जसं आहे तसं, काही न वगळता—"

उर्शेलनं फडका बुडवला, पिळला आणि झुडपावर ठेवला. एक श्वासभर थांबली, मग टिपून घेतलं, लगेच साध्या पाण्याचा हात फिरवला. घासायचं नाही, टिपायचं. झुडूप आमटीसारखं तपकिरी होऊन फडक्यात आलं. खालून धुराड्याची कड डोकावली.

लोकांना एवढंच दिसलं की चित्रातलं झुडूप आपोआप वितळतंय. नगराध्यक्षांचं वाक्य घशात अडकलं. तपकिरी ओघळ चौकटीवरून भिंतीवर उतरला. एवढ्या गर्दीत फक्त थेंब टपकण्याचा आवाज येत होता. धुराडं आलं, छप्पर आलं, तिच्या दाराची निळी चौकट आली.

"अरे, हे तर उर्शेलचं घर," मागून कुणीतरी म्हणालं, झोपेतून उठल्यासारखं.

आणि बेर्बेल म्हणाली, "उर्शेल, अगं, तू तिथे काय करते आहेस?"

दोनशे डोळे तिच्यावर आले. उर्शेलला ऊन लागल्यासारखं वाटलं. ती परत आली होती, दिसत होती. दुर्दैवानं कारभाऱ्यांनाही दिसत होती.

"ही परटीण चित्र पुसतेय," ते म्हणाले. "धरा तिला."

शिपायानं तिचा दंड पकडला. सभागृहात एकच गलका झाला. तिथे थांबली असती तरी चाललं असतं. घर मिळालं होतं, नाव मिळालं होतं, उद्या बेर्बेल कुंपणाशी थांबली असती. उर्शेलनं हरणाकडे बघितलं. हरीण हिवाळ्यातलं, घट्ट. त्याला बादलीतला खार पुरणार नव्हता.

"सोड मला," ती शिपायाला म्हणाली. "अजून एक डाग राहिलाय."

"हाउकबाई, मुकाट्यानं चला."

"तिला पुसू द्या." काल्टेनबाख शिपायाच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक, पण उभा होता. "चित्र माझं आहे. मी सांगतो, पुसू द्या."

"चित्र काउंटचं आहे," कारभारी म्हणाले.

"आणि कुरण कुणाचं आहे?" बेर्बेल पुढे आली. तिनं टोपली दोन्ही हातांनी समोर धरली होती, ढालीसारखी. "बारा वर्षं मी तिथे थांबतेय. आणि या सोमवारी मी तिच्या तोंडावरून निघून गेले. मला ओळख पटली नाही म्हणून नाही, मला ती दिसलीच नाही. काय केलंत तुम्ही आम्हाला?" बाकीच्या बायका तिच्या बाजूला सरकल्या. शिपायाचा हात सैल झाला, कारण त्यातली एक त्याची आई होती.

उर्शेलनं बाटली उघडली. आता तिला कुणीच ऐकू येत नव्हतं. कडक खार बोटाला फडका गुंडाळून, थेंबाथेंबानं लावायचा. जास्त वेळ ठेवला तर खालचं जाईल, कमी ठेवला तर वरचं निघणार नाही. इथे शिकवायला कुणी नव्हतं. इतक्या वर्षांचे दारूचे, रक्ताचे, गंजाचे डाग तिच्या बोटांत होते, तेवढेच. शिंगं निघाली. मान निघाली. हरणाचा डोळा निघेना. तो तिच्याकडे बघत होता, आणि तिला वाटलं की तो डोळा हरणाचा नाही. मागून कुणीतरी त्यातून बघतंय.

"आले, आले," ती पुटपुटली. एक थेंब. एक, दोन, तीन मोजून टिपलं.

डोळ्याच्या जागी डोळा राहिला. माणसाचा. भोवती गाल उमटला, लाल रुमालाची कड, हसताना वाकडा होणारा ओठ. चादरीचं दुसरं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलेली एक उंच बाई. आणि झुडूप उपटून काढावं तसं उर्शेलच्या डोक्यातून काहीतरी मुळासकट निघालं.

"रिके," ती म्हणाली. मग मोठ्यानं, छप्पर हलेल इतक्या मोठ्यानं, "रिके, माझी ताई, रिके!"

सगळे गप्प झाले. त्या शांततेत उघड्या खिडकीतून आवाज आला. नदीवरून. धोपटण्याचा आवाज, ओल्या कापडावर लाकूड, ठप, ठप, ठप. हा आवाज गावाला इतका सवयीचा होता, आणि हिवाळ्यापासून तो निम्माच ऐकू येत होता, हे त्या क्षणी प्रत्येकाला कळलं.

६

उर्शेल धावत कुरणात पोचली तेव्हा मागे अर्धं गाव होतं. रिके अनवाणी उभी होती, धोपटणं हातात. थोरली बहीण, तिच्याहून वीतभर उंच.

"किती वेळ लावलास गं," रिके म्हणाली. "टोक धरून धरून माझे हात गळून पडायची वेळ आली. आणि हा आकडा कुणी ठोकलाय माझ्या झाडाला?"

उर्शेलनं तिला मिठी मारली, मग दोन धपाटे घातले, मग पुन्हा मिठी मारली. बेर्बेल टोपलीत तोंड घालून रडत होती. नगराध्यक्षांची बायको चिखलात रेशमी झगा घेऊन उभी होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. गावानं त्या दिवशी सफरचंदाच्या दारूची दोन पिंपं कुरणातच फोडली. कारभारी रागारागानं निघून गेले. चित्राला मात्र कुणी हात लावू दिला नाही. किल्ला, सोनं, नदी, आणि खाली धुणं वाळतंय. काल्टेनबाख म्हणाला, आता कुठे ते चित्र झालं. चार महिने कुठे होतीस, असं सगळ्यांनी विचारलं, पण रिकेनं कुणालाच सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, "गर्द होतं."

सोमवारी बेर्बेल कुंपणाशी थांबली. "काय गं, झाले का पांढरे?"

"तुझ्या पावापेक्षा तरी झाले," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या, आणि तिघीही पोट धरून हसल्या.

बेर्बेलनं दोन पाव दिले. मग टोपलीत बघितलं आणि तिचं हसू विरलं. "अजूनही एक उरतोच बघ. मला वाटलं होतं तो रिकेचा असेल."

रिकेनं त्या उरलेल्या पावाकडे पाहिलं. मग वाफाळत्या टोपलीतून एक ओली चादर उचलली, एक टोक आपल्या हातात ठेवलं, आणि दुसरं मोकळ्या कुरणाकडे, जिथे कुणी नव्हतं, तिकडे पुढे केलं.

"धरा रे," ती म्हणाली.

चादर ताठ झाली.

बेर्बेलनं कुंपण घट्ट पकडलं. उर्शेल मात्र मागे सरली नाही. "किती जण आहेत, ताई?"

"चित्रात अजून झुडपं किती आहेत?"

उर्शेलनं डोळे मिटून मोजली. एक बुरुजाखाली, एक नदीच्या वळणावर, दोन चर्चच्या वाटेला, एक अगदी कोपऱ्यात, लहानसं.

"पाच," ती म्हणाली, आणि चाळणी उचलली. "राख पुष्कळ लागणार."

"माझ्या भट्टीत हवी तेवढी आहे," बेर्बेल म्हणाली. टोपली खाली ठेवून ती बाह्या वर सारू लागली होती. "त्या कोपऱ्यातल्या लहान झुडपापासून सुरुवात करायची का?"

पलीकडून चादरीला तीन छोटे हिसके आले.